तुमच्या नावाने पैसे मागणारा ‘तुम्ही’ कोण? सोशल मीडियावरची ओळख-चोरी, ती ओळखायची कशी आणि तक्रार कुठे करायची

फेसबुकवर ओळखीच्या माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट येते. तो आधीपासून यादीत असतो, पण नवीन खाते उघडले असेल असे समजून रिक्वेस्ट स्वीकारली जाते. थोड्या वेळाने मेसेंजरवर ‘कसे आहात, कुठे आहात’ सुरू होते, मग मोबाइल नंबर मागितला जातो आणि चार-पाच वाक्यांनंतर विषय पैशांवर येतो. ज्याचा फोटो लावलेला असतो त्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. त्याला कळते ते दुसऱ्या दिवशी, एखादा मावसभाऊ ‘पैसे मिळाले का?’ असे विचारतो तेव्हा.

यालाच ओळख-चोरी म्हणतात. तिच्यात दोन बळी असतात: ज्याचे पैसे जातात तो आणि ज्याच्या नावावर मागितले जातात तो. दुसऱ्याचे एक रुपयाचेही नुकसान होत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा तक्रार करत नाही. ‘माझे अकाउंट हॅक झाले आहे, पैसे देऊ नका’ असे स्टेटस ठेवून मोकळा होतो. फसवणूक करणाऱ्यांचे फावते ते इथेच.

भारतात हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीचे कुठलेही वेगळे चिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे येते, तर ६६डी मध्ये संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने दुसरीच व्यक्ती असल्याचे भासवून फसवणे येते. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पैसे गेले नसले तरी, केवळ आपली ओळख वापरली गेली एवढ्यावरही तक्रार करता येते.

बनावट प्रोफाइल

हा सर्वांत सोपा प्रकार. यात काहीही हॅक झालेले नसते. प्रोफाइलवरचे उघडे फोटो उतरवून घ्यायचे, त्याच नावाने दुसरे खाते काढायचे आणि मूळ खात्याची मित्रयादी उघडी असेल तर तिच्यातल्या प्रत्येकाला रिक्वेस्ट पाठवायची. त्यामुळे पासवर्ड बदलून इथे काही साध्य होत नाही, तरी ‘हॅक झाले’ म्हणून लोक आधी तेच करतात. इथे खरा उपाय म्हणजे मित्रयादी लपवणे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये मित्रयादी कुणाला दिसावी याचा पर्याय आहे. तो ‘ओन्ली मी’ केला की ठगाला पुढची गिऱ्हाइके मिळत नाहीत. भारतात २०२० पासून प्रोफाइल लॉक करण्याचीही सोय आहे. तिच्यामुळे अनोळखी माणसाला फोटो मोठे करून पाहता येत नाहीत. फोटो लपवण्यापेक्षा यादी लपवणे जास्त कामाचे, कारण फोटो दुसरीकडूनही मिळतो.

याच प्रकारातली एक गोष्ट महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फिरते आहे. जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, प्राचार्य, डॉक्टर अशा मानाच्या माणसाच्या नावाने बनावट प्रोफाइल निघते. त्यावरून मेसेज येतो की माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, त्यांची बदली झाली आहे, घरातले फर्निचर, फ्रिज, एसी सगळे स्वस्तात काढत आहेत. सामानाचे फोटो येतात, गणवेशातल्या माणसाचे ओळखपत्र येते, सामान लष्करी गाडीतून घरपोच येईल असे सांगितले जाते. गाडीचे भाडे आधी भरायचे असते. ते भरले की सामानाची किंमत, मग वाटेत कुठेतरी कर. ही थाप टिकून राहिली आहे याचे कारण तिच्यात कुणी उसने मागत नाही. उसने मागितले की माणूस सावध होतो. स्वस्तात सोफा मिळतोय म्हटल्यावर होत नाही. शिवाय साहेबांनी स्वतः मेसेज केला आहे, तर उलट फोन करून खात्री कशी करायची, हा संकोच असतोच.

बनावट प्रोफाइल दिसले की त्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर जाऊन रिपोर्ट करताना ‘दुसऱ्याचे नाव घेणे’ या अर्थाचा पर्याय निवडावा आणि ‘मी’ किंवा ‘माझा मित्र’ हे सांगावे. रिपोर्ट करण्याआधी मात्र त्या प्रोफाइलचा पूर्ण वेब पत्ता कॉपी करून ठेवावा आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट काढावेत. खाते बंद झाले की ते पान उघडत नाही आणि पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. नाव सारखे असलेली शेकडो खाती असतात. वेगळा असतो तो पत्ता.

केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार, स्वतःचे रूप घेऊन कुणी वावरत असल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केल्यास असा मजकूर हटवण्यासाठी २४ तासांची मुदत घालण्यात आली होती. मॉर्फ केलेले फोटोही यात येतात. कंपनीने दाद दिली नाही, तर २०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते. या समितीबद्दल फार थोड्यांना माहिती आहे.

व्हॉट्सॲप हातातून जाते तेव्हा

इथे खाते खरोखरच दुसऱ्याच्या ताब्यात जाते, म्हणून नुकसानही मोठे होते. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करायला दोनच गोष्टी लागतात: मोबाइल नंबर आणि त्यावर एसएमएसने येणारा सहा आकडी कोड. नंबर सगळ्यांकडे असतोच. उरतो कोड, आणि तो मागितला जातो ओळखीच्याच माणसाच्या नावाने. ‘चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर गेला आहे, जरा पाठव ना.’ हा मेसेज आत्याच्या किंवा शाळेतल्या मैत्रिणीच्या खऱ्या खात्यावरून आलेला असतो, कारण तिचे खाते सकाळीच गेलेले असते. म्हणून ही लागण कुटुंबाच्या ग्रुपमधून सोसायटीच्या ग्रुपमध्ये, तिथून शाळेच्या पालक-ग्रुपमध्ये जाते. स्वतःच्या फोनवर आलेला कोड कधीही दुसऱ्याचा असू शकत नाही.

दुसरी वाट ‘लिंक्ड डिव्हाइस’ची. ‘या स्पर्धेत माझ्या मुलीला मत द्या’ किंवा ‘हा फोटो तुझाच आहे का?’ अशी लिंक येते. पान उघडले की मोबाइल नंबर मागितला जातो आणि मग एक कोड दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगितले जाते. तो टाकला की ठगाचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. यात तुमचे व्हॉट्सॲप बंद पडत नाही, त्यामुळे कित्येक दिवस पत्ता लागत नाही. सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तिथे अनोळखी यंत्र दिसले तर लगेच लॉग आउट करावे. महिन्यातून एकदा तरी ही यादी पाहावी. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये तर मुलांनीच पाहावी.

तिसरी वाट कॉल फॉरवर्डिंगची. कुरिअर कंपनीतून बोलतोय, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी हा नंबर डायल करा, असे सांगून स्टार आणि २१ ने सुरू होणारा कोड फिरवायला लावतात. त्याने तुमच्याकडे येणारे फोन ठगाकडे वळतात. मग तो व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसऐवजी फोनवर मागवतो आणि तो फोन थेट त्यालाच जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने होणारे कॉल फॉरवर्डिंग बंद ठेवण्याचे आदेश कंपन्यांना दिले होते. तरीही कुणी अनोळखी माणूस स्टार-हॅशचा कोड फिरवायला सांगत असेल तर फिरवू नये. फोन वळवलेला आहे का हे *#२१# डायल करून पाहता येते, आणि ##००२# ने सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग रद्द होते.

खाते गेलेच तर घाबरून व्हॉट्सॲप काढून टाकू नये. ते उघडून आपला नंबर टाकावा आणि एसएमएसने आलेला कोड द्यावा. कोड स्वीकारला गेला की दुसऱ्या फोनवरचा माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. हुशार ठग आत शिरल्याबरोबर टू-स्टेप पिन लावून ठेवतो, त्यामुळे तुम्हाला माहीत नसलेला पिन विचारला जाऊ शकतो. तसे झाल्यास सात दिवस थांबावे लागते. पण तुम्ही एसएमएसचा कोड टाकला त्याच क्षणी तो बाहेर गेलेला असतो, त्यामुळे त्या सात दिवसांत तुम्हालाही खाते वापरता आले नाही तरी तुमच्या नावाने पुढे कुणी लुबाडले जात नाही. हाच पिन तुम्ही आधी लावून ठेवला असता तर नुसत्या कोडवर खाते गेलेच नसते. सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन; दोन मिनिटांचे काम आहे.

पैसे मागणारा खरा आहे का?

ओळखीच्या नंबरवरून पैशांची मागणी आली की त्याच व्हॉट्सॲपवर कॉल करून खात्री करू नये, कारण खाते गेलेले असेल तर तो कॉलही ठगाकडेच जातो. साधा फोन लावावा. फोन वळवलेला असण्याची शक्यता धरून, रक्कम मोठी असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लावावा. आवाजाची नक्कल करणारी साधने आता सहज मिळतात, त्यामुळे ‘आवाज तर त्याचाच होता’ हा पुरावा पूर्वीसारखा पक्का राहिलेला नाही. दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट विचारावी.

आणखी एक खूण यूपीआयच्या पडद्यावर दिसते. पैसे पाठवण्याआधी तिथे घेणाऱ्याचे नाव येते आणि एनपीसीआयच्या नियमानुसार २०२५ च्या मध्यापासून ते बँकेत नोंदवलेलेच दाखवावे लागते. मेसेज मामांचा आणि पडद्यावर परराज्यातल्या भलत्याच माणसाचे नाव असेल, तर तिथेच थांबावे. ‘माझे यूपीआय बंद आहे, मित्राच्या नंबरवर टाक’ हे वाक्य नेमके या खुणेला उत्तर म्हणून तयार केलेले आहे. एकट्या या एका वाक्यावरून फसवणूक ओळखली तरी चालते.

पत्रिका, चलन आणि एपीके

व्हॉट्सॲपवर ‘लग्नाची पत्रिका’, ‘आरटीओ चलन’ किंवा ‘पीएम किसान’ अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो असतो. एपीके म्हणजे ॲप. ते टाकले आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की ते एसएमएस वाचते, बँकेचे ओटीपी गुपचूप पुढे पाठवते आणि तुमच्याच संपर्कांना तीच फाइल धाडते. फाइल नुसती डाउनलोड झाली असेल तर ती उघडू नये, काढून टाकावी. टाकून बसला असाल तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवावे, आणि फोन फॅक्टरी रीसेट करूनच पुन्हा वापरावा. नुसते ॲप काढून भागत नाही. अशी ॲप बऱ्याचदा आपले चिन्हच पडद्यावरून लपवतात.

पहिला तास

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० वर करायचा. पोलीस ठाण्यात जाणे, स्क्रीनशॉटची प्रिंट काढणे, मेहुण्याचा सल्ला घेणे हे सगळे नंतर. घाई का, हे पैशांचा प्रवास पाहिला की कळते. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम ठगाच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. ती भाड्याने घेतलेल्या खात्यात जाते. कुणा विद्यार्थ्याने किंवा मजुराने काही हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमसकट दिलेले ते खाते असते. तिथून काही मिनिटांत ती पाच-सहा खात्यांत फुटते, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएममधून किंवा क्रिप्टोच्या रूपात बाहेर पडते. १९३० वर नोंद झाली की ती माहिती संबंधित बँकांना ऑनलाइन जाते, आणि रक्कम ज्या टप्प्यावर असेल तिथे ती गोठवली जाते. पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवले जाते. ही शर्यत आहे, आणि ‘रात्र झाली, उद्या बघू’ म्हणणाऱ्याचे पैसे सहसा रात्रीतच बाहेर पडलेले असतात.

ही यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये सुरू केली. तेव्हाचा नंबर १५५२६० होता. फोन करताना बँकेचे नाव, खाते किंवा कार्ड क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. पिन आणि ओटीपी १९३० वाले विचारत नाहीत. लाइन व्यस्त असेल तर प्रयत्न करत राहतानाच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरावी. तिथे मिळणारा पोचक्रमांक जपून ठेवावा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटी होता.

त्याच तासात बँकेलाही वेगळे कळवायचे असते. १९३० वर सांगितले म्हणजे बँकेला सांगितले असे धरू नये, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातली मुदत पाळली की नाही, हे बँकेला केव्हा कळवले यावरून ठरते. तुमची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना व्यवहार झाला आणि तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित भार, साध्या बचत खात्याला तो जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी असेच परिपत्रक निघाले. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून ओटीपी देऊन बसलेल्यानेही लाजून गप्प बसण्यात अर्थ नाही. कळवल्याची वेळ सिद्ध करता यावी म्हणून ई-मेल किंवा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

गोठवलेले पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण आपोआप नाही. दुसऱ्या बँकेत अडकवून ठेवलेली रक्कम तुमच्या खात्यात यायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदला आहे, तपास अधिकारी कोण, किती रक्कम कुठल्या खात्यात थांबली आहे, ही माहिती पोलिसांकडून घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज करावा लागतो. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हा घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नये.

या काळात दुसरा ठग भेटण्याची शक्यता फार असते. फसलेला माणूस बँकेला टॅग करून आपली व्यथा एक्सवर किंवा फेसबुकवर मांडतो आणि काही मिनिटांत ‘कस्टमर केअर’, ‘सायबर सेल’ किंवा ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ नावाची खाती उत्तर देऊ लागतात. फी भरा, फॉर्म भरा, स्क्रीन शेअर करणारे ॲप टाका, पैसे मिळवून देतो. पैसे गमावलेला माणूस यांच्या दृष्टीने सर्वांत सोपा असतो. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी फी घेत नाहीत. जाहीर पोस्टमध्ये फोन नंबर, तक्रार क्रमांक, रक्कम लिहू नये. त्याच माहितीवर पुढची थाप रचली जाते.

कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती गेली असतील तर

खोटी नोकरी, खोटे कर्ज, भाड्याच्या घराची खोटी जाहिरात अशा निमित्ताने आधार आणि पॅनचे फोटो दिले गेले असतील, तर त्याचे परिणाम काही महिन्यांनी दिसतात. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसते. अनोळखी नंबरासमोर ‘हा माझा नंबर नाही’ असे नोंदवता येते. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले तर बोटांच्या ठशांवर पैसे काढणे थांबते. ते आधारच्या ॲपमधून होते आणि गरजेला उघडता येते. जिथे आधारची प्रत द्यावीच लागते तिथे शेवटचे चार आकडेच दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे.

पॅनवर कुणी कर्ज उचलले आहे का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळते. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर पैसे न देता लक्ष ठेवता येते. अहवालात न घेतलेले कर्ज दिसले तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी, कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवावे आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. हरकतीची तारीख म्हणूनच लिहून ठेवावी.